कमरेचे माप आणि स्तनातली चरबी

स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की पांढुर्णा-सौंसरकडे एक प्रश्न ठरलेला असतो: बाई तर अंगाने एवढी बारीक, मग तिला हा आजार झालाच कसा? या प्रश्नामागे एक समजूत आहे. लठ्ठपणाने कर्करोगाचा धोका वाढतो, हे आता सगळ्यांच्या कानावरून गेले आहे. आणि त्यातून लोकांनी परस्पर उलटा निष्कर्षही काढला आहे, की जी लठ्ठ नाही तिला भीती नाही. पहिली गोष्ट पाळी गेलेल्या बायांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी खरी नाही, आणि आपल्याकडच्या बायांच्या बाबतीत तर ती घातक ठरू शकते. गेल्या 15 वर्षांत स्तनातल्या चरबीचा बारकाईने अभ्यास झाला. चरबी किती आहे यापेक्षा ती कोणत्या अवस्थेत आहे याला जास्त महत्त्व आहे, आणि ती अवस्था वजनकाट्यावर दिसत नाही, असे त्यातून पुढे आले. कमरेच्या घेरावरून आणि रक्तातल्या साखर-इन्सुलिनवरून तिचा थोडाफार अंदाज येतो. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, बोलणे मराठी, आणि मोठे दुखणे निघाले की धाव नागपूरची. नव्या जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था आकार घेत असताना तिने या चरबीचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

आधी ही अवस्था म्हणजे नेमके काय ते पाहू. स्तन म्हणजे दुधाच्या ग्रंथी, त्यांच्या नळ्या, आधार देणारे तंतू आणि यांच्या मधली जागा भरून काढणारी चरबी. वय वाढते तशा ग्रंथी आक्रसत जातात आणि त्यांची जागा चरबी घेते. ही चरबी मेदपेशींची बनलेली असते. एकेक पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याभोवती पातळ पापुद्रा. शरीराला जादा ऊर्जा साठवायची वेळ आली की नव्या मेदपेशी तयार होतात किंवा असलेल्याच पेशी फुगत जातात. फुगण्याला मर्यादा असते. पेशी फार मोठी झाली की तिला प्राणवायू पुरत नाही, ती ताणाखाली येते आणि शेवटी मरते. मेलेली पेशी उचलण्यासाठी मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. इतर ठिकाणी हे काम झटपट उरकते. पण तेलाचा एवढा मोठा गोळा एका मॅक्रोफेजला पचवता येत नाही, म्हणून अनेक जणी मिळून त्याला वेढा घालतात. पातळ काप काढून, मॅक्रोफेज ओळखणारा सीडी68 हा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फिकट, रिकाम्या दिसणाऱ्या गोल पेशीभोवती गडद पेशींचे कडे दिसते. मुकुटासारख्या या रचनेवरूनच तिचे शास्त्रीय नाव पडले. आसपासच्या शेकडो मेदपेशी शांत असतात. मध्येच एखादीभोवती असे कडे. अशी कडी सापडली की त्या स्तनातल्या चरबीत दाह आहे असे म्हणतात.

हा दाह म्हणजे बाळंतिणीचा स्तन लाल होऊन ठणकतो तो आजार नव्हे. तिथे ताप येतो, दुखते, गरम लागते. इथे यातले काहीही होत नाही. बाईला काही जाणवत नाही, डॉक्टरांच्या हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत दिसत नाही. वर्षानुवर्षे मंद आचेवर चाललेले हे काम आहे. वेढा घालून बसलेले मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-6, प्रोस्टाग्लँडिन ई2 असे पदार्थ सोडत राहतात. त्यांच्या प्रभावाखाली शेजारच्या पेशींमध्ये ॲरोमाटेज हे विकर वाढते, आणि ॲरोमाटेजचे काम असते इस्ट्रोजेन बनवण्याचे. पाळी गेल्यावर बीजकोषातून येणारे इस्ट्रोजेन थांबते, मग शरीरात ते मुख्यतः चरबीतच तयार होते. म्हणजे ज्या गाठीला वाढायला इस्ट्रोजेन लागते, तिच्या उशाशीच ते बनत असते. लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोलच्या गोळ्या अनेक रुग्ण बाया पाच-पाच वर्षे घेतात, त्या याच विकराला रोखतात. त्यावरून या साखळीचे वजन लक्षात यावे. न्यूयॉर्कमधल्या अँड्र्यू डॅनेनबर्ग, नील अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 पासून शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांच्या चरबीवर जे काम केले, त्यातून दाह आणि वाढलेले ॲरोमाटेज यांचे नाते मानवी ऊतींमध्ये प्रत्यक्ष दिसले. त्याच गटाने 2016 साली दाखवले, की ज्यांचा आजार पुढे दूरच्या अवयवांत पसरला अशा रुग्णांमध्ये, ज्यांच्या स्तनाच्या चरबीत दाह होता त्यांचा आजार इतरांपेक्षा लवकर उलटला होता.

मग हा दाह कोणाला होतो? सर्वांत ठळक कारण अपेक्षित तेच आहे, शरीरातली एकूण चरबी. लठ्ठ रुग्णांमध्ये ही कडी बहुतेकींत सापडतात. दुसरे कारण पाळी जाण्याचे: 2015 मधल्या अभ्यासात वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही पाळी गेलेल्या बायांत दाह जास्त आढळला. याशिवाय मोठ्या झालेल्या मेदपेशी, रक्तात जास्त इन्सुलिन, चढलेले ट्रायग्लिसराइड, उतरलेले चांगले कोलेस्टेरॉल, वाढलेले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे सगळे त्याच्यासोबत फिरताना दिसतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या रक्ताचा अहवाल वाचावा, तशीच ही यादी आहे. पण या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष 2017 चा. त्या वर्षी याच गटाने ज्यांचा बीएमआय 25 च्या खाली, म्हणजे प्रचलित व्याख्येप्रमाणे ज्या मुळीच लठ्ठ नाहीत, अशा 72 स्त्रियांची स्तनातली चरबी तपासली. त्यातल्या 39 टक्के स्त्रियांत दाह होता. त्यांच्या मेदपेशी मोठ्या होत्या, ॲरोमाटेज वाढलेले होते, रक्तातले इन्सुलिनही चढे होते. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या आणि 50 किलो वजनाच्या बाईचा तो 22 च्या आसपास येतो. आपल्याकडे तिला कोणीही सडपातळच म्हणेल, आणि वजनाच्या तक्त्यातही ती निर्धोक ठरेल.

पुढच्या वर्षी आणखी पुरावा आला. अमेरिकेतल्या पाळी गेलेल्या, सामान्य बीएमआयच्या 3,460 स्त्रियांच्या शरीरातली चरबी डेक्सा यंत्राने मोजून त्यांची सुमारे 16 वर्षे नोंद ठेवली गेली होती. वजन सामान्य असूनही ज्यांच्या अंगात सर्वाधिक चरबी होती, त्यांना इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या स्तनकर्करोगाचा धोका सर्वांत कमी चरबीच्या गटाच्या दुपटीहून अधिक निघाला. या अभ्यासात आजार होण्याआधी मोजमाप झाले होते, म्हणून त्याला वेगळे मोल आहे. सामान्य वजनाच्या आत दडलेला लठ्ठपणा कागदी नाही, पुढे गाठ होऊन बाहेर येणारा आहे, हे त्यातून दिसले.

आता हे सगळे अमेरिकेतले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणायला जागा आहे. माझे म्हणणे असे की ते आपल्याला अधिक लागू पडते, आणि त्याचा पुरावा आपल्या अंगणातूनच आलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. त्याच वजनात आणि उंचीत भारतीय शरीर स्नायू कमी आणि चरबी जास्त बाळगते, हे त्या एका चित्रातून जगाला कळले. याची सुरुवात किती लवकर होते तेही याज्ञिक यांच्याच कामातून समजले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. या बाया शेतात राबणाऱ्या, बेताच्या आहाराच्या. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपली बाळे सगळ्याच बाबतीत सारखी लहान नव्हती. पोट, हातपाय, स्नायू यांत ती बरीच मागे होती आणि कातडीखालच्या चरबीत मात्र जवळजवळ बरोबरीने. पोटातल्या टंचाईत शरीर स्नायूवर काट मारते आणि चरबी राखून ठेवते. अशी मुलगी मोठी होते, लग्न होते, दोन-तीन मुले होतात, चाळिशीला अंगात थोडी भर पडते. वजन जेमतेम 52 किलो. पण पडलेली भर जवळजवळ सगळी चरबीची असते आणि ती जाते पोटावर. तैवानमधल्या 72 रुग्ण स्त्रियांवर 2018 मध्ये झालेला अभ्यास याला दुजोरा देतो: त्यातल्या 43 टक्क्यांच्या स्तनात दाह होता, आणि त्याच बीएमआयच्या गोऱ्या अमेरिकी स्त्रियांपेक्षा त्यांच्या मेदपेशी आकाराने मोठ्या होत्या.

थेट भारतीय बायांचा आणि थेट स्तनकर्करोगाचा पुरावा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातला आहे. 2009 ते 2013 या काळात तिथे 1,633 रुग्ण आणि तुलनेसाठी आजार नसलेल्या 1,504 स्त्रियांची मोजमापे घेतली गेली. निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. कमरेच्या घेराला नितंबांच्या घेराने भागले असता ज्यांचे उत्तर 0.95 किंवा जास्त आले, त्यांची तुलना 0.84 किंवा कमी असणाऱ्यांशी केली. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत पहिल्या गटाची जोखीम चौपटीहून अधिक निघाली, पाळी गेलेल्यांत तिपटीहून अधिक. गाठ इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी असो वा नसो, हे नाते टिकून राहिले. आणि याच अभ्यासात, पाळी चालू असलेल्या ज्या स्त्रियांचा बीएमआय 30 च्या वर होता त्यांचा धोका सामान्य बीएमआयवाल्यांपेक्षा कमीच दिसला. म्हणजे तरुण वयात नुसते वजन पाहिले तर उलटी दिशा दाखवते आणि कंबर पाहिली तर सुलटी. नितंबांचा घेर 90 सेंटिमीटर आणि कंबर 86 सेंटिमीटर एवढ्यानेच 0.95 ची रेघ ओलांडली जाते; असे अंग साडीत बारीकच दिसते. या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. तो आजार झाल्यानंतर मागे वळून पाहणारा आहे आणि त्यात चरबीचे काप तपासलेले नाहीत. पण भारतात स्तनकर्करोगाच्या रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण असतात, आणि इस्ट्रोजेनला प्रतिसाद न देणाऱ्या गाठींचे प्रमाणही इथे जास्त आहे. म्हणून ‘हा सगळा पाळी गेलेल्या, इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठींचा मामला आहे, आमच्या तरुण बायांना तो लागू नाही’ या आक्षेपाला हाच अभ्यास सर्वांत चांगले उत्तर देतो. दाह फक्त इस्ट्रोजेनमार्गे काम करतो असेही नाही. इन्सुलिन आणि दाहक द्रव्ये गाठीच्या पेशींना सरळही उत्तेजन देतात.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. आमच्या बाया काय शहरातल्या बायांसारख्या बसून असतात? कापूस वेचायला वाकतात, निंदायला जातात, संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला उभ्या असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथे स्तनकर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसत आले, ही गोष्ट आक्षेपाच्या बाजूने आहे आणि ती झाकू नये. लवकर झालेली बाळंतपणे, मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजणे आणि अंगमेहनत यांचे संरक्षण खरेच आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट बदलते आहे. मुले एक-दोन, तीही उशिरा. निंदणाचे दिवस तणनाशकाने खाल्ले, नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरकडे गेली, पाणी नळाने दारात आले. हे सारे हवेच होते. बाईच्या पाठीचा भार हलका झाला याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. मात्र कष्ट गेले त्या वेगाने आहार बदलला नाही, किंवा उलट्या दिशेने बदलला: ज्वारीची भाकर मागे पडली, गव्हाची पोळी, भात, साखरेचा चहा आणि पुड्यातला तळीव माल पुढे आला. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच देशभर कमरेचे माप घेतले गेले. वजनाच्या हिशेबाने 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. पोटाच्या घेराच्या हिशेबाने सुमारे 40 टक्के. पुरुषांत पोटाचा हाच आकडा 12 टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन टक्केवारींमध्ये जो फरक पडतो, त्यात बारीक दिसणाऱ्या लाखो बाया आहेत.

सर्वांत अवघड आक्षेप शास्त्राच्या आतलाच आहे. दाह हे कारण आहे की नुसता सोबती? चरबी वाढते तेव्हा दाहही वाढतो, इन्सुलिनही वाढते, इस्ट्रोजेनही वाढते. यातले गाठ कोण घडवते हे वेगळे काढायचे कसे? उंदरांमध्ये खाणे कमी करून वजन उतरवले की स्तनाच्या चरबीतली कडी आणि ॲरोमाटेज दोन्ही घटतात, हे दिसले आहे. माणसांत मात्र दाह मारण्याचे सोपे प्रयोग फसले. साखर आणि इन्सुलिन उतरवणारे मेटफॉर्मिन मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर वापरून पाहिले. 2022 मध्ये निकाल आला, आजार परतण्यात काही फरक पडला नाही. दाह शमवणाऱ्या ॲस्पिरिनचीही तीन हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, तिनेही फायदा दाखवला नाही. काही जण यावरून म्हणतात की मग ही सगळी दाहाची कथाच खोटी. मला तसे वाटत नाही. आजार स्थिरावल्यावर एकच धागा ओढून गुंता सुटला नाही, एवढेच या चाचण्या सांगतात. वीस वर्षे शिजत आलेल्या अवस्थेत एक गोळी फार उशिरा पोहोचली, असेही असेल. पण एक धडा त्यातून पक्का घ्यावा. चरबीतला दाह काढतो म्हणून कोणी काढा, चूर्ण, हळदीची कॅप्सूल विकत असेल, तर त्याच्याकडे मेटफॉर्मिन आणि ॲस्पिरिनइतकासुद्धा पुरावा नाही. आणि रुग्ण बाईने अशा कशासाठी केमोथेरपी किंवा हार्मोनच्या गोळ्या थांबवल्या, तर होणारे नुकसान भरून येत नाही.

मग हाती काय राहते? मोजणे. आणि मोजण्याची सोय सरकारी कागदावर आधीच आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसासाठी आशा कार्यकर्ती एक तपासणी-यादी भरते, तिला सीबॅक म्हणतात. तिच्या पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातल्या आजारांचा इतिहास. बाईची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, 81 ते 90 ला एक, 90 च्या पुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले तर तिला तपासणीला आधी बोलवायचे. दुसऱ्या भागात लक्षणे विचारतात, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडीतून रक्तासारखा स्राव येतो का, आकार बदलला का, हे प्रश्न येतात. एकाच कागदावर कंबर आहे आणि स्तनही आहे, पण कंबर तिथे मधुमेह-रक्तदाबाच्या खात्यात जमा होते आणि स्तनाचा प्रश्न वेगळा राहतो. ज्या बाईची कंबर 80 च्या वर आहे, वय चाळिशीच्या पुढे आहे आणि साखर काठावर आहे, तिच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित हाताने ठरावीक काळाने व्हावी, वजन काहीही असो, एवढे जोडकाम करायला नवे यंत्र लागत नाही. माप मात्र नीट घ्यायला हवे. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध फीत धरायची, श्वास सोडलेला असताना, फीत कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. परकराची नाडी बसते ती जागा बहुधा याच्या खाली असते. साडीवरून, नाडीच्या जागी घेतलेले माप फसवे येते. माप घेणारी बाईच असावी, आडोसा असावा. या साध्या गोष्टींअभावी कागदावर अंदाजाचा आकडा पडतो, आणि मग त्या रकान्याला काही अर्थ उरत नाही.

ज्यांना आजार झालेला आहे त्यांच्यासाठी ही माहिती वेगळ्या काळजीने सांगावी लागते. ‘तुझ्या चरबीने झाले’ असे रुग्णाच्या तोंडावर म्हणणे क्रूर आहे आणि चूकही. वय, वारशाने आलेली जनुके, पाळी सुरू होण्याचे आणि जाण्याचे वय, बाळंतपणे, आणि बऱ्याचदा निव्वळ पेशीविभाजनातली चूक, अशा कितीतरी गोष्टी मिळून गाठ होते. कोणा एकीच्या बाबतीत बोट ठेवता येत नाही. शिवाय ज्या पोटावर चरबी साठली त्या पोटाची घडण तिच्या आईच्या उपासमारीत झाली असेल, तर दोष कोणाच्या माथी मारणार? पण उपचार सुरू झाल्यावर घरात जे घडते त्याबद्दल बोलायला हवे. ताकद यावी म्हणून शिरा, डिंकाचे लाडू, ग्लुकोजचे पाणी, डब्यातला गोड रस यांचा मारा होतो. काम तर सोडाच, उठूही नको म्हणून प्रेमाने खाटेवर बसवले जाते. केमोथेरपीसोबत दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढलेली असते, तरुण बाईची पाळी औषधांनी अचानक थांबलेली असते. स्नायू झिजतात, पोट वाढते. काट्यावर वजन तेवढेच दिसले तरी आतली अदलाबदल नको त्या दिशेची असते. दाह वाढवणारी जवळजवळ सगळी कारणे त्या सहा-आठ महिन्यांत एकदम जमा होतात. अशा बाईला गोड नव्हे, प्रथिने लागतात: डाळ, उसळ, अंडी, दही, चालत असेल तर मासे, आणि डॉक्टरांना विचारून रोजचे चालणे, हलके वजन उचलणे. उपाशी राहून वजन उतरवण्याचा उद्योग मात्र या काळात करू नये. त्यात आधी स्नायूच जातात.

आणि कंबर मोजण्याच्या नादात गाठ मागे पडता कामा नये. भारतात 2022 मध्ये सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना नव्याने स्तनकर्करोग झाला आणि सुमारे 98 हजार त्याने मृत्यू पावल्या, असा जागतिक कर्करोग नोंदीचा अंदाज आहे. एवढे मृत्यू होण्याचे मुख्य कारण उशीर. टाटा स्मारकने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर 20 वर्षे केलेल्या चाचणीत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात मृत्यूंवर तसा परिणाम दिसला नाही, हेही नमूद करायला हवे. मॅमोग्राफीचे यंत्र नसलेल्या तालुक्यासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. पांढुर्ण्याहून वा सौंसरहून नागपूर दोन-अडीच तासांच्या आत आहे. मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था तिथे आहेत, आणि आयुष्मान कार्ड राज्याची हद्द ओलांडूनही चालते. ‘दुखत नाही तर असू दे’ म्हणून घालवलेले महिने आपल्याकडे प्रवासाहून महाग पडतात.

उरते ते ज्ञानातले मोठे भगदाड. स्तनाच्या चरबीतला दाह न्यूयॉर्क आणि तैवानच्या बायांत मोजला गेला. ज्यांच्या शरीराची घडणच या दाहाला अनुकूल आहे असे मानायला सबळ कारण आहे, त्या विदर्भ-सातपुड्याच्या बायांत तो मोजून पाहायला हवा. त्यासाठी लागणारे साहित्य नागपूर-वर्ध्याच्या विकृतीशास्त्र विभागांत जमा होतच असते. आपल्याकडे पूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया अजून सर्रास होते. तो स्तन फॉर्मेलिनमध्ये प्रयोगशाळेत येतो. गाठ, कडा आणि काखेतल्या ग्रंथी यांचे तुकडे घेतले जातात आणि गाठीपासून दूरची चरबी टाकून दिली जाते. त्या चरबीचे दोन-तीन तुकडे मेणात राखून सीडी68 चा रंग दिला तर कडी आहेत की नाहीत ते कळेल. दाखल होताना उंची-वजन लिहितातच. त्याच कागदावर कंबर, नितंब, पाळी बंद झाल्याचे वर्ष, आणि उपाशीपोटीची साखर व इन्सुलिन यांची नोंद वाढवावी. रुग्णाची रीतसर संमती आणि नीतिसमितीची परवानगी घेऊन वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी हे दोन-तीन वर्षांत पुरे करू शकेल. असे दोनशे स्तन तपासले, तर 22 बीएमआयच्या सौंसरच्या बाईला कोणत्या कमरेपासून जपायला सांगायचे, याचे उत्तर परदेशी तक्त्यावरून अंदाजाने काढावे लागणार नाही.